दिनविशेषाच्या फळ्यावरचा १ ऑगस्ट

वाळवा तालुक्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक-शिक्षिका आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

जुलैचा दुसरा आठवडा आहे. सोयाबीनची भांगलण सुरू झालीय, शाळेच्या पटांगणात चिखल आहे, आणि तुमच्यापैकी कुणीतरी आत्ताच फ्लेक्सवाल्याला फोन लावायच्या बेतात असेल. जरा थांबा. फोन करण्याआधी हे पत्र वाचा.

मी याच तालुक्यात चौतीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक. म्हणजे १ ऑगस्टचे किमान तीसेक कार्यक्रम मी पाहिले, आणि बरेचसे स्वतः उरकले. 'उरकले' हाच शब्द बरोबर आहे. टेबलावर चादर, चादरीवर दोन फोटो, पुढं उदबत्ती आणि नारळ. डावीकडं लोकमान्य टिळक, उजवीकडं अण्णा भाऊ साठे. पाहुणे दोन्ही फोटोंना हार घालणार, सातवीची मुलगी शेंगांच्या टरफलांचं भाषण म्हणणार, सहावीचा मुलगा दीड दिवसाच्या शाळेचं. दोन्ही भाषणांचा शेवट एकच, "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." टाळ्या. ग्रुपवर फोटो. पंचवीस मिनिटांत मुलं पुन्हा वर्गात आणि कार्यक्रम अहवालाच्या फाईलीत.

यात वाईट काही नाही, असं मलाही वाटायचं. मग एका वर्षी एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाची नव्हती, माझीच.

फ्लेक्सचा मजकूर मी रात्री साडेदहाला मोबाईलवर टाईप करून पाठवला. सकाळी फ्लेक्स आला, दोन पोरांनी व्हरांड्याच्या खांबांना बांधला. सहा फूट बाय चार फूट, गुलाबी पार्श्वभूमी, कडेला फुलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'लोकमान्य टिळक जयंती व साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे पुण्यतिथी'.

शिक्षकांच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. पाहुणे त्याखाली उभे राहून फोटो काढून गेले. लक्षात आलं ते चौथीतल्या एका पोराच्या. त्याची आजी त्याला छत्री द्यायला आली होती. पोरगं तिला अक्षरं लावून फ्लेक्स वाचून दाखवत होतं.

"आज्जे, पुण्यतिथी म्हंजे?"

"मेल्याला दीस."

"मग अण्णा भाऊ आज मेल्यात?"

म्हातारी आमच्या गावच्या अण्णा भाऊ साठे नगरातली. लिहिता-वाचता येत नाही, पण १ ऑगस्टला वस्तीत दारोदार रांगोळ्या घालतात आणि संध्याकाळी मिरवणूक निघते, हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत. ती व्हरांड्याच्या पायरीवर आली, चप्पल काढली आणि सरळ मला म्हणाली, "काय ओ मास्तर, जलमल्या दिवशीच मारलासा की आमच्या अण्णाला!"

मी चार्ट पेपर कापला, स्केचपेननं 'जयंती' आणि 'पुण्यतिथी' लिहून योग्य जागी चिकटवले. तासाभरात भुरभुर पाऊस आला. कागद भिजला आणि खालची चुकीची अक्षरं पुन्हा वर दिसायला लागली. दिवसभर तो फ्लेक्स तसाच, दोन्ही माणसं अर्धी जन्मलेली अन् अर्धी मेलेली.

तेव्हापासून या तारखेचा विचार डोक्यातून जात नाही.

सुरुवातीलाच सांगतो, तारखांचं स्तोम माजवणाऱ्यांतला मी नाही. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची ती आहे, हे तुम्ही जाणता. पोराला शाळेत घालायला बाप यायचा, मास्तर विचारायचे, कधीचा? बाप म्हणायचा, भूकंपाच्या आधल्या साली, सुगीच्या वक्ताला. (आमच्याकडं भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा, दुसरा नाही.) मास्तर सुस्कारा सोडून जनरल रजिस्टरला १ जून टाकायचे. शाळा जूनमध्ये भरते, वय बरोबर बसतं, भांडण मिटलं. माझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशी तालुक्यात आमचा एकत्र निरोप समारंभ झाला, त्यात मोजून पाच जण १ जूनचे होते. आम्ही हसत होतो, पण मनात एक विचार येऊन गेला. खरी तारीख असणं हीसुद्धा सगळ्यांना न मिळणारी गोष्ट आहे.

म्हणून साताऱ्याला गेलो की मला त्या हायस्कुलातली एक नोंद आठवते. आजचं प्रतापसिंह हायस्कूल. तिथं ७ नोव्हेंबर १९०० रोजी पहिलीच्या इंग्रजी वर्गात एक मुलगा दाखल झाला, रजिस्टरला नाव भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक १९१४. आता राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, तो या एका ओळीमुळं. कुणीतरी कारकुनानं दौतीत टाक बुडवून लिहिलेली ओळ. त्याला काय ठाऊक, आपण काय लिहितोय ते.

तर १ ऑगस्ट. फक्त दिवस सांगून भागत नाही, साल सांगितलंच पाहिजे. कारण दोन्ही घटना, टिळकांचं जाणं आणि अण्णा भाऊंचा जन्म, एकाच सालच्या आहेत, १९२०. आणि हेच आपल्या कार्यक्रमात कुणी सांगत नाही. मुलांना वाटतं २ ऑक्टोबरसारखंच हे. गांधीजी १८६९चे, शास्त्रीजी १९०४चे, योगायोगानं तारीख जुळली. १२ जानेवारीचंही तसंच, जिजाऊ आणि विवेकानंद यांच्यामध्ये अडीचशेहून जास्त वर्षं आहेत. १ ऑगस्टची गोष्ट वेगळी. तिथं तारीख, महिना आणि साल तिन्ही एक. तो रविवार होता.

चुकीच्या फ्लेक्सच्या दुसऱ्या वर्षी मी सहावी-सातवीला एकत्र बसवलं आणि फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं : रविवार, १ ऑगस्ट १९२०. खाली वेळेची रेघ ओढली. शनिवारच्या रात्रीचे बारा वाजून गेलेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृहात लोकमान्य शेवटच्या घटका मोजतायत. एक वाजायच्या आत ते गेले. दिवस उजाडेपर्यंत रस्ते माणसांनी भरले, पाऊस लागलेला, आणि लाखावर लोक त्यांना घेऊन गिरगाव चौपाटीवर गेले. गांधीजींनी खांदा दिला. त्याच दिवशी देशभर असहकाराची सुरुवात ठरलेली होती, त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉयना पत्र लिहून कैसर-ए-हिंद पदक परत केलं. म्हणजे एक पुढारी गेला त्याच दिवशी दुसऱ्याच्या चळवळीचा पहिला दिवस उजाडला. इथपर्यंत पाठ्यपुस्तकात मिळतं.

मग मी रेघेच्या खाली वाटेगाव लिहिलं. आपल्या तालुक्यातलं वाटेगाव. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळा सातारा. दक्षिण सातारा वेगळा निघाला १९४९ला, सांगली हे नाव त्याच्याही नंतरचं. वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी एक मुलगा झाला. नाव तुकाराम ठेवलं.

मी विचारलं, लोकमान्य गेल्याची बातमी वाटेगावात कधी पोचली असेल?

आमच्या पोरांनी तासभर भांडून हिशेब केला. तार पुणे-साताऱ्यापर्यंत लगेच येईल. रेल्वे तेव्हा पुण्याहून मिरजेला येत होती, छोट्या रुळांची, तिच्यातून वर्तमानपत्र येईल. पुढं? टपालवाला, बैलगाडी, बाजारचा दिवस. एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, पेपर वाचणारा गावात पाहिजे की." दुसरा म्हणाला, "पाटील-कुलकर्ण्याच्या वाड्यात वाचत्याल, मांगवाड्यात कोण जाऊन सांगतंय?" मी गप्प बसलो. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि पोरांना ते सापडलं होतं. त्या दिवशी मांगवाड्यात पोर झाल्याची बातमी पाटलाच्या वाड्यात गेली असेल का, हा पुढचा प्रश्न त्यांनी आपणहूनच काढला.

इंग्रज सरकारनं काही जातींवर चोर असल्याचा शिक्का मारला होता आणि त्यांना हजेरी लावली होती, म्हणजे ठरल्या वेळी जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. आपल्या भागात मांग-रामोश्यांना ती चांगलीच माहीत. अण्णा भाऊंनी पुढं फकिराची कथा लिहिली, ती याच मातीतली. कादंबरी १९५९ला आली, बाबासाहेबांना अर्पण केलेली, आणि १९६१ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एवढं मुलांना सांगून पुढं जावं, जास्त नको. पुस्तक ग्रंथालयात आहे, मोठी झाली की वाचतील.

आता माझ्या मते जो खरा मुद्दा आहे, त्याकडं येतो.

आपण हे दोन फोटो शेजारी ठेवतो आणि मधे हारापलीकडं काही नसतं. प्रत्यक्षात मधे आहे मुंबईची गिरणी. सांगतो कशी.

२२ जुलै १९०८. राजद्रोहाचा खटला. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी रात्री टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्यांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्री. आणि मग मुंबईचे गिरणी कामगार बाहेर पडले. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. हिंदुस्थानातल्या कामगारांनी राजकीय कारणासाठी केलेला हा पहिला मोठा संप म्हणून त्याचं नाव घेतात. तिकडं युरोपात विजनवासात असलेल्या लेनिननं त्याची दखल घेऊन लिहिलं.

हे कामगार कोण होते? कोकणातले होते आणि घाटावरचे होते. साताऱ्याचे, कोल्हापूरचे, आपल्या वाळवा-शिराळ्याचे. आपल्या प्रत्येक गावात अजून एखादं घर आहे, ज्याचा आजा 'मंबईला मिलमंदी' होता. कोरडवाहू रान, तीन भाऊ, पाऊस नाही, मग एकानं बोचकं बांधायचं आणि मुंबई गाठायची. परळ-लालबागच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्या वाटून झोपणारे. गावच्या नावाची खोली, गावचीच खानावळ, गावचाच तमाशा बघायला जाणारे. त्या लोकांनी १९०८ला टिळकांसाठी माग बंद ठेवले.

आता रेघ पुढं न्या. १९३१च्या सुमाराला साठ्यांचं कुटुंब दुष्काळामुळं वाटेगावहून मुंबईला निघालं. पायी. मुंबई तीनशेहून जास्त किलोमीटर. वाटेत मिळेल ते काम करत, मुक्काम टाकत. तो अकरा-बारा वर्षांचा पोरगा पुढं मुंबईत हमाली करतो, गिरणीत काम करतो, भिंतींवरच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकतो. १९४४ला अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढतो आणि त्याच गिरणगावात, त्याच कामगारांच्या पोरांपुढं उभा राहून पोवाडे आणि लावण्या गातो. टिळकांसाठी संप करणाऱ्या माणसांच्या पुढच्या पिढीचा शाहीर तो. १९६१ला तोच मुलगा रशियाला गेला, लेनिनच्या देशात. २०२२ला मॉस्कोतल्या ग्रंथालयात त्याचा पुतळा बसला.

टिळक - गिरणी कामगार - अण्णा भाऊ. ही रेघ मी फळ्यावर ओढली, तेव्हा मागच्या बाकावरचं एक पोरगं उभं राहिलं. म्हणालं, "माझा पणजा मिलमंदीच हुता. त्यानं दोघास्नीबी बघितलं आसंल काय?" त्याच्या पणजोबाचं साल मला माहीत नव्हतं. घरी विचारून ये म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र्याच्या डब्यातून निघालेलं गिरणीचं एक जुनं ओळखपत्र आणलं. फोटो पुसट, कोपरा उंदरानं खाल्लेला. त्यावर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल होतं. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत दिनविशेषाच्या तासाला मुलानं घरून पुरावा आणलाय असं एवढंच एकदा घडलं.

दुसरी गोष्ट त्या दोन भाषणांची. शेंगा आणि दीड दिवस. आपण वर्षानुवर्षं ती घोकून घेतो, पण दोन्ही भाषणं मास्तरबद्दल आहेत, हे तुमच्या कधी लक्षात आलं का? एकात मुलगा म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. त्याचं ऐकून घेतलं जातं, तो पुढं लोकमान्य होतो. दुसऱ्यात मुलाला मास्तरांची छडी आणि जातीची वागणूक मिळते, आणि शाळा दीड दिवसात सुटते. पहिल्याचा बाणेदारपणा गोष्टीत आला. दुसऱ्याला शाळेतून जावं लागलं. दोघंही ताठ मानेचेच, फरक वर्गात कुठल्या रांगेत बसवलं होतं याचा. आपण शिक्षक ही दोन्ही भाषणं खुर्चीवर बसून, मान डोलावत ऐकतो. मला तरी आता बसवत नाही. यंदा भाषण बसवताना सातवीच्या मुलीला आणि सहावीच्या मुलाला एकत्र बसवा, एकमेकांची भाषणं ऐकू द्या. काय बोलायचं ते त्यांचं त्यांना सुचेल.

आणि टिळकांचं एकच अंग दाखवू नका. इथं थोडं स्पष्ट लिहितो, काहींना आवडणार नाही. टिळक आणि आगरकर १८८२ला कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. आगरकर आपल्या कराड तालुक्यातल्या टेंभूचे, जन्म १४ जुलै १८५६, टिळकांपेक्षा नऊ दिवसांनी मोठे. एवढे जवळचे दोघं सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर कायमचे दुरावले. मुलींच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा टिळक विरोधात होते. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही या वादात, ते शाहू महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. १९१८ला मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकारानं अस्पृश्यता निवारणाची परिषद भरली. तिथं टिळक व्यासपीठावरून म्हणाले की ईश्वर अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला ईश्वर मानणार नाही. सभा दणाणली. पण अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांची सही झाली नाही. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत वाटेगावच्या मांगवाड्यात तो मुलगा जन्मला. शिक्षक असाल तर हे दोन्ही सांगा, त्यानं लोकमान्य लहान होत नाहीत. मंडालेत सहा वर्षं काढणारा माणूस एवढ्यानं लहान होत नसतो.

अण्णा भाऊंचंही उलट बाजूनं तसंच झालंय. त्यांचा फोटो वस्तीत लागतो, मिरवणूक वस्तीतून निघते, वर्गणी वस्तीतली, आणि बाकीचं गाव दारात उभं राहून डीजे ऐकतं. शाळा ही एकच जागा आहे, जिथं त्यांचा फोटो सगळ्या गावाच्या पोरांपुढं येतो. तिथं तो बारा मिनिटांत उरकू नका. ते फक्त एका वस्तीचे नव्हते. गिरणगावात त्यांच्या पुढं बसलेल्या गर्दीत कुठल्या जातीचं कोण, हे कुणी मोजत नव्हतं.

२०२० साल आठवतंय ना? लोकमान्यांची स्मृतिशताब्दी आणि अण्णा भाऊंची जन्मशताब्दी पूर्ण होण्याचा दिवस. शंभर वर्षांतून एकदा येणारी गोष्ट. शनिवार होता, त्यात बकरी ईद. आणि शाळा बंद, कोरोना. आम्ही मोबाईलवर मीटिंग लावली. रेंज असलेली अकरा पोरं आली. एकाच्या मागं कोंबडं आरवत होतं, एकाच्या घरात कुणीतरी खोकत होतं आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. मी माझ्या घरातल्या टेबलावर दोन फोटो ठेवले होते. हार मिळाला नाही, बाजार बंद. दारातली जास्वंदीची दोन फुलं ठेवली. त्या दिवशी भाषणं नव्हती, मी नुसतं बोलत बसलो. माझ्या मते माझा तो सगळ्यात बरा १ ऑगस्ट.

या तारखेला तिसरा दावेदार महसूल खातं. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं, म्हणून त्या दिवशी महसूल दिन. अलीकडं तो आठवड्याचा झालाय, एका वर्षी तर पंधरवडा होता. परिणाम एवढाच की तुमच्या कार्यक्रमाला बोलावलेले तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) येत नाहीत. त्यांची वाट बघून मुलांना उन्हात ताटकळत ठेवू नका. मात्र मोठ्या वर्गाला सातबारा आणि फेरफार काय असतो, हे त्या आठवड्यात एकदा दाखवा. जमीन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या नाही, हे समजलं की वाटेगावहून माणसं मुंबईला का चालत गेली, तेही जास्त नीट समजतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत अशा जोड्या आणखी आहेत, थोडक्यात सांगतो. १२ मार्च १९१३ला देवराष्ट्र्यात यशवंतराव चव्हाण जन्मले, आणि १२ मार्च १९३०ला, त्यांच्या सतराव्या वाढदिवशी, दांडीयात्रा निघाली. कराडच्या टिळक हायस्कूलमधला हा पोरगा पुढं लवकरच तुरुंगात गेला. ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांना अभिवादन करतो. १९७६च्या त्याच तारखेला क्रांतिसिंह नाना पाटील गेले. येडे मच्छिंद्रचे, आपल्या अगदी उशालाच. किती शाळांच्या फळ्यावर दोन्ही नावं असतात? ३ जानेवारी मात्र बऱ्यापैकी पाळली जाते, सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या म्हणून साताऱ्याकडं जरा जास्तच. ५ नोव्हेंबर रंगभूमी दिन, १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक केलं त्याची आठवण. तो आपल्या शाळांत दिवाळीच्या सुट्टीत बुडतो, इलाज नाही. शिवजयंती तारखेची की तिथीची, या वादात मी पडत नाही. गावात दोनदा होते, दोनदा जेवण मिळतं, पोरं खूश.

आता मागणं काय, ते सांगतो. फार नाही.

जुलैचं कॅलेंडर समोर घ्या. १८ जुलै अण्णा भाऊंचा स्मृतिदिन, १९६९चा. २३ जुलै टिळकांची जयंती. १ ऑगस्ट दोघांचा. म्हणजे पंधरा दिवसांत दोघंही दोन-दोनदा येतात. मग एकाच दिवशी एकाच टेबलावर दाटी कशाला? २३ जुलैला टिळकांचा कार्यक्रम नीट करा, शेंगांची गोष्ट तिथंच होऊ द्या. २२ जुलैच्या निकालाची आणि सहा दिवसांच्या संपाची गोष्टही त्याच आठवड्यात सांगता येईल. १८ला परिपाठात अण्णा भाऊंचं काही वाचून घ्या, एक पान पुरे. आणि १ ऑगस्टला भाषण ठेवूच नका. त्या दिवशी फळ्यावर फक्त तारीख, वार आणि साल लिहा आणि मुलांना विचारा : या दिवशी मुंबईत काय चाललं होतं, वाटेगावात काय चाललं होतं, आणि आपल्या गावात काय चाललं असेल? घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाला विचारून या म्हणावं. मिलमधल्या आज्यांची ओळखपत्रं, जुने फोटो, रेशनकार्डं, जे निघेल ते. परत द्यायचं आहे हे मात्र आधीच सांगा, नाहीतर पालक मीटिंगला भांडायला येतील, मी भोगलंय.

वाटेगाव लांब नाही. महामार्ग सोडून थोडं आत. अण्णा भाऊंचं स्मारक आहे तिथं. सहलीला आपण पन्हाळा, प्रतापगड, महाबळेश्वर करतो, खर्च करतो, पोरं गाडीत ओकतात. एक वर्ष वाटेगावला जा. अर्ध्या दिवसात परत येता, डबा घरचा.

अहवालाची चिंता करू नका. त्यात 'प्रतिमापूजन करून अभिवादन करण्यात आले' हे वाक्य तसंही तुम्ही मागच्या वर्षीच्या फाईलीतून उतरवून काढणार. ते काढा. माझी तक्रार नाही. मी नऊ वर्षं तेच केलंय.

कुणाला १ ऑगस्टला येऊन फळ्यावर रेघ ओढून हवी असेल, तर मी येतो. मानधन नको, नारळही नको. चहा चालेल, साखर कमी. मोटारसायकल अजून चालवतो, फक्त पुलावर पाणी असलं तर येणार नाही. ऑगस्टमधल्या कृष्णेचा भरवसा २०१९ नंतर आपल्यापैकी कुणालाच उरलेला नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. वाळवा, जि. सांगली

ता. क. : हार दोन आणा. एकच लांब हार दोन्ही फोटोंना आडवा घातलेला मी दोन शाळांत पाहिलाय. आणि तो गुलाबी फ्लेक्स अजून माझ्या घरी आहे, गोठ्यातल्या कडब्यावर टाकलाय. पाऊस आत येत नाही, पण छत्री घेऊन आलेली ती म्हातारी शेजारच्या रानात जाताना अजून विचारते, "मास्तर, अण्णा जित्ता झाला का न्हाई?"